मानव संग्रहालयात आपले घर शोधताना

दरवर्षी १४ एप्रिलला महूला जाणाऱ्या बांधवांची संख्या वाढतेच आहे. बाबासाहेबांच्या जन्मभूमीवरील स्मारक २००८ साली खुले झाले. गावाचे सरकारी नाव तर २००३ पासूनच डॉ. आंबेडकर नगर आहे. वस्त्यावस्त्यांतून वर्गणी काढून गाड्या निघतात. बायामाणसे दशम्या-चटण्या बांधून घेतात आणि रात्रभर गाणी म्हणत महू गाठतात. तेथे अभिवादन करायचे, जमल्यास सांचीचा स्तूप पाहायचा आणि परतायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. भोपाळ वाटेत लागते, पण तेथे फक्त चहा होतो.

आम्ही यंदा भोपाळला एक दिवस काढला. मिनी बसमध्ये आम्ही सतराजण होतो. त्यात ऐंशीला टेकलेल्या एक आत्या, गिरणीत आयुष्य गेलेले एक मामा, चार-पाच संसारी बाया, कॉलेजात जाणारी तीन पोरे आणि बाकी चिल्लीपिल्ली. पोरांचा आग्रह तलावात नावेत बसण्याचा होता. तो पुरा झाला नाही, कारण सकाळी जे पाहायला शिरलो त्यातून दुपार टळेपर्यंत कोणी बाहेर पडेना. ते काय होते हे वाचकांना सांगावे आणि त्यावरून आमच्यात जो वाद झाला तोही सांगावा, म्हणून हा लेख.

भोपाळच्या श्यामला हिल्सवर, मोठ्या तलावाच्या बाजूला, सुमारे २०० एकर जागेत इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. संग्रहालय म्हटले की आपल्याला काचेची कपाटे, राजाची तलवार आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी आठवते. येथे वस्तू मांडलेली मोठी इमारतही आहे, पण पाहायची ती उघड्यावरची घरे. टेकडीच्या उतारावर, झाडांच्या मधून पायवाटांनी चालत जायचे आणि वळणावळणावर एकेक घर लागते. ही घरे खेळण्यातली नाहीत. खरी, माणसाच्या मापाची, वाकून आत शिरता येईल अशी. अंगण, कुंपण, चूल, जाते, कणगी सारे जागच्या जागी. आदिवासींची घरे एका भागात, समुद्रकाठची दुसऱ्या, वाळवंटातली तिसऱ्या, हिमालयातली चौथ्या. त्याच टेकडीवर आदिमानवाने चित्रे काढलेले खडकातले आडोसेही आहेत. केंद्र सरकारच्या सांस्कृतिक खात्याची ही संस्था १९७७ साली दिल्लीत सुरू झाली, तीही बुद्ध जयंती पार्कमध्ये. १९७९ साली ती भोपाळला आली.

खेड्यातली घरे जपण्याची ही कल्पना मूळची युरोपातली. स्वीडनमध्ये आर्थर हासेलियस नावाचे गृहस्थ होते. कारखानदारी वाढते आहे, शेतकऱ्यांची लाकडी घरे मोडून सरपणात चालली आहेत, हे त्यांनी पाहिले. देशभरातून अशी घरे उचलून आणून त्यांनी राजधानी स्टॉकहोममध्ये ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय उभे केले. साल १८९१. आपल्याला हे साल वेगळ्या कारणाने पाठ आहे! तेथील घर लाकडाचे. ओंडक्यांवर आकडे घालायचे, सुटे करायचे, गाडीत भरायचे आणि आकड्यांप्रमाणे पुन्हा जोडायचे. आपल्याकडची घरे माती, कूड, बांबू आणि गवताची. माती सुटी करून गाडीत कशी भरणार? म्हणून भोपाळवाल्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी त्या त्या भागातली माणसेच बोलावली. ती माणसे आपापला मालमसाला घेऊन आली आणि आपल्या पद्धतीने, आपल्या हाताने त्यांनी येथे घर बांधले. गवत कुजते, कूड पोखरला जातो, म्हणून डागडुजीलाही तीच माणसे येतात. आम्ही कारकून माणसे, ‘जतन’ म्हणजे फायलीला दोरी बांधणे एवढेच आम्हाला ठाऊक. येथे घराबरोबर घर बांधण्याची अक्कलही जतन होते आहे आणि ज्याची अक्कल त्यालाच बोलावले जाते आहे, हे आम्हाला फार पटले.

आता घरांविषयी. सगळी सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही.

ओडिशाकडच्या गदबांचे घर गोल असते, वर टोपीसारखे निमुळते छप्पर. वाऱ्याला अडायला कोपराच नाही. निलगिरीच्या तोडांचे घर म्हणजे अर्धे पिंप आडवे ठेवल्यासारखे. छप्पर थेट जमिनीला टेकलेले आणि दार इतके लहान, की गुडघ्यांवर रांगत आत जावे लागते. आमच्यातली पोरे रांगत गेली आणि हसत बाहेर आली. पण निलगिरीची थंडी आणि रानातली जनावरे लक्षात घेतली, तर दार लहान का, ते कळते. आसामच्या मिशिंगांचे घर खांबांवर उंच उचललेले, कारण ब्रह्मपुत्रेला दरसाल पूर येतो. पाणी खालून जाते, माणसे वर राहतात. आगरिया लोकांचेही घर आहे. हे मध्य भारतातले लोहार. दगडापासून लोखंड गाळण्याची त्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची. मातीची कमरेएवढी भट्टी, पायाने दाबायचा भाता आणि कोळसा, एवढ्यावर ते लोखंड काढीत. कारखान्यातले स्वस्त लोखंड बाजारात आले आणि धंदा बसला. गिरणीतले मामा त्या घरापाशी बराच वेळ थांबले. “यांचीही गिरणी बंद पडली म्हणायची,” एवढेच म्हणाले.

आपल्या महाराष्ट्रातले वारल्यांचे घर तेथे आहे. कारवीच्या काठ्या उभ्या रोवून विणलेला कूड, त्याला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप, वर गवत. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे. ही चित्रे आता साड्यांवर आणि कपबशांवर येतात, पण मूळ जागा ही शेणाने सारवलेली भिंत. लग्नाचा चौक बाया काढीत. वारली चित्र जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती गारवा. बाहेर एप्रिलचे ऊन डोके फोडत होते आणि आत पंखा नसताना घाम सुकला. सिमेंटच्या पत्र्याखाली राहणाऱ्या आम्हा लोकांना या गारव्याचे मोल वेगळे सांगायला नको.

बाया रमल्या त्या सरगुजाच्या राजवारांच्या घरात. तेथे भिंतींना मातीच्या जाळ्या असतात. बांबूच्या चिपा वाकवून त्यांची कडी करायची, ती एकमेकांना बांधायची आणि वरून माती लिंपायची. ऊन गाळून येते, वारा मोकळा येतो. जाळीवर मातीचे पोपट, हरणे, माणसे. या कलेला नाव मिळवून दिले ते पुहपुटरा गावच्या सोनाबाई राजवार यांनी. लग्नानंतर कित्येक वर्षे नवऱ्याने त्यांना घराबाहेर पडू दिले नाही, शेजारणीशी बोलायचीही चोरी. लहान मुलाला खेळायला काही नाही म्हणून बाईने मातीची खेळणी केली, मग भिंती सजवल्या, मग जाळ्या केल्या. भोपाळच्या भारत भवनाच्या मंडळींना त्या घराचा शोध लागला आणि १९८३ साली सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००७ साली त्या वारल्या. ही हकिकत आम्ही बायांना सांगितली तेव्हा आधी सगळ्या गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, “जाळी सुंदर आहे हो, पण ती का करावी लागली, हे पाटीवर लिहायला पाहिजे.”

आमच्या त्या दिवसाच्या वादाची सुरुवात येथून झाली.

झाडाखाली जेवायला बसलो. पोरे खुशीत होती. त्यांतला एक स्थापत्यशास्त्र शिकतो. तो सांगू लागला की सिमेंटने आपले वाटोळे केले, मातीचे घर हेच खरे घर, उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, खर्च कमी, आता परदेशातले लोकही मातीकडे वळत आहेत. तो सांगत होता ते चूक नव्हते. आत्या भाकरी मोडता मोडता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “आरं, ह्यातनं सुटायला आमचा जलम गेला, आन्‌ तू मला परत तितंच घालायला निगालास व्हय? सारवून सारवून बोटं झिजली माजी. पावसाळ्यात ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात हातरूण वढायचं. इच्चू किती निगालं त्याची गणती न्हाई.”

पोरगा वरमला, पण हटला नाही. “आत्याआजी, पण त्यांच्या घरात बघा ना, किती डोकं लढवलंय.”

“त्येंनी लढवलं आसंल. आमाला लढवू दिलं का?”

आत्यांचा हा प्रश्न साधा वाटतो, पण आम्हाला वाटते की अशी घरे पाहताना पहिल्यांदा हाच विचारला पाहिजे. गदबाने घर गोल बांधले ते वाऱ्याकडे पाहून, मिशिंगाने खांबांवर उचलले ते पुराकडे पाहून. आपल्या वाड्यातले घर बुटके होते, त्यावर कौल नव्हते, ते कशाकडे पाहून? बाबासाहेबांनी याची नोंद करून ठेवली आहे. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पाचवा खंड १९८९ साली प्रसिद्ध केला. त्यात गावाने अस्पृश्यांसाठी ठरवलेल्या गुन्ह्यांची यादी आहे. चांगले कपडे घालणे हा गुन्हा, मुलांना भारदस्त नावे ठेवणे हा गुन्हा आणि त्याच यादीत कौलारू घर बांधणे हाही गुन्हा. म्हणजे आपल्या छपरावरचे गवत हवामानाने ठरवले नव्हते. ते गावाने ठरवले होते. सरसकट प्रत्येक गावात असेच होते असे आम्ही म्हणत नाही. कोकणात वेगळे असेल, वऱ्हाडात वेगळे असेल. पण ‘पारंपरिक घर’ हा शब्द आपण वाचतो तेव्हा त्यात आवड किती, अक्कल किती आणि सक्ती किती, याची फोड कोणी करून देत नाही. ती आपल्यालाच करावी लागते.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे सुनावले ते आपल्या बहुतेक वाचकांना माहीत आहे. खेड्याच्या स्तुतीने भारावलेल्या सभासदांसमोर उभे राहून त्यांनी खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि कोत्या मनाचे घर असल्याचे सांगितले आणि राज्यघटनेने खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. पुढे १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले, माणसे गावकीच्या कामातून मोकळी झाली आणि मुंबई-पुण्याची वाट आणखी रुंद झाली. आत्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. अशा लोकांना मातीच्या घराचे गोडवे ऐकवताना जपून बोलले पाहिजे.

मातीचे घर चांगले की वाईट, याचेही एक उत्तर नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने दगड-मातीच्या भिंती आणि धाब्याचे जड छप्पर अंगावर येऊन. गारव्यासाठी दरवर्षी माती चढवून जाड केलेले धाबेच जिवावर उठले. कूड आणि गवताचे हलके घर हलते, झुकते, पण तसे चिरडत नाही. आमच्या स्थापत्यवाल्या पोराने हे मान्य केले आणि जेवण पुढे गोडीने झाले.

दुपारनंतर आत्याच आमच्यापेक्षा अधिक उत्साहाने हिंडू लागल्या, हे विशेष! प्रत्येक घरात शिरून चूल बघायच्या. “ह्या चुलीला वैल न्हाई, कालवण कुठं ठेवत आसतील?” जात्याचा खुंटा हलवून बघायच्या. एका घरातली कणगी त्यांना इतकी आवडली, की बांबूच्या पट्ट्या कशा विणल्यात ते बोटांनी चाचपून पाहिले. मग म्हणाल्या, “आमच्या घराचं कुनी आसं ठिवलं न्हाई.”

संग्रहालयाच्या त्या भागाचे नावच आदिवासी वसाहत आहे, तेव्हा तेथे महारवाडा का नाही, ही तक्रार रास्त नाही. पण प्रश्न उरतोच. जंगलातल्या माणसाचे घर जपले जाते ते आदिवासी म्हणून. गावातला चौसोपी वाडा जपला जातो तो वारसा म्हणून. गावाबाहेरचे घर या दोन्हींत बसत नाही. ते ना जंगलातले, ना गावातले. लंडनमध्ये बाबासाहेब विद्यार्थिदशेत १९२१-२२ साली राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण ज्या लक्षावधी घरांतून माणसे नागपूरला १९५६ च्या धम्मदीक्षेसाठी चालत, बैलगाडीने, रेल्वेने गेली, त्यांतले एखादे तरी घर कसे होते, त्याला खण किती होते, चूल कोठे होती, हे कागदावर तरी आहे काय?

आम्ही आत्यांना तेथेच, एका अंगणातल्या ओट्यावर बसवले आणि विचारले. त्या सातारा जिल्ह्यातल्या. त्यांचे माहेरचे घर दोन खणांचे. भिंती पांढरीच्या मातीच्या, हातभर जाड. वर बाभळीचे वासे आणि उसाचे पाचट. पाचट गावातल्या बागायतदाराकडून मिळे, पण फुकट नव्हे. त्याच्या बदल्यात वडिलांनी आठ दिवस राबायचे. मृग लागण्याआधी शाकारणी झाली नाही, तर त्या वर्षी घर गळणार. दार बुटके, मोठ्या माणसाला वाकावे लागे. खिडकी नाही. भिंतीत एक दिवळी, तिच्यात चिमणी. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात शेळ्या. रांजण होता, पण भरायचा कसा? आडावर आपण बादली सोडायची नाही, कोणी वाढील तेव्हा पाणी. म्हणून रांजणाच्या तळाशी असलेले पाणी बाया मोजून वापरीत. “पानी सांडलं तर आई मारायची. भाकर सांडली तर न्हाई मारायची.” हे सांगताना त्या हसल्या.

मग तक्क्या निघाला. नव्या पिढीला हा शब्द ठाऊक नाही. महारवाड्याची चावडी म्हणजे तक्क्या. पाहुणा उतरायचा तेथे, भांडण मिटायचे तेथे, रात्री भजन-तमाशाची तालीम तेथे, आणि पुढे गावोगाव बाबासाहेबांचा निरोप वाचून दाखवला गेला तोही तेथेच. कित्येक ठिकाणी त्याच जागेवर नंतर समाजमंदिर आले आणि विहार झाला. त्या दिवशी सकाळी आम्ही नागांचे मोरुंग पाहिले होते. मोरुंग म्हणजे गावातल्या तरुण पोरांनी एकत्र राहायचे, शिकायचे मोठे घर. मोठ्या लाकडी ओंडक्याचा नगारा हे त्याचे भूषण. मामांनी बरोबर जोड लावली, “आपला तक्क्या तो मोरुंगच की!”

येथे आम्हाला वाचनात आलेली एक गोष्ट सांगावीशी वाटते. ब्रिटनच्या वेल्स प्रांतात कार्डिफजवळ सेंट फॅगन्स येथे असेच उघड्यावरचे संग्रहालय १९४८ साली सुरू झाले. सुरुवातीला तेथेही शेतकऱ्यांची जुनी सुंदर घरे. पण वेल्स हा कोळसा आणि लोखंडाचा मुलूख, तेथली बहुसंख्य माणसे कामगार. १९८७ साली तेथे मर्थर टिडफिल या गावातली लोखंड कारखान्याच्या कामगारांची सहा घरांची एक ओळ उभी करण्यात आली. आपल्या चाळीसारखीच, भिंतीला भिंत लागलेली. गंमत अशी, की सहाही घरे एकाच काळाची म्हणून सजवलेली नाहीत. पहिले १८०५ सालातले, मग १८५५, १८९५, १९२५, १९५५ आणि शेवटचे १९८५ सालातले. एका घरातून दुसऱ्यात जाता जाता कामगाराचे घर कसकसे बदलत गेले, ते कळते. दुसरी वास्तू त्याहून आपल्या जवळची. ओकडेल या गावच्या खाणकामगारांची संस्था. १९१७ साली बांधलेली. कंपनीकडून कर्ज घेतले आणि कामगारांनी आपल्या पगारातून ते फेडले. आत वाचनालय, सभागृह. कोळशाच्या भुकटीने काळे झालेले हात धुऊन माणसे तेथे पुस्तक वाचायला बसत. खाणी गेल्या, पण ती इमारत दगडन्‌दगड उचलून संग्रहालयात आणली गेली आणि १९९५ साली खुली झाली.

आपल्या वस्त्यांतून पै-पैशाच्या वर्गणीने उभी राहिलेली वाचनालये, पत्र्याचे विहार, शाहिरांचे अड्डे यांचे काय होणार? आमच्याच वस्तीतले जुने विहार पुनर्विकासात पाडले गेले. नवे आले ते संगमरवरी आहे, छान आहे. पण जुन्याचा एक धड फोटो कोणाकडे नाही. ज्या फोटोत ते दिसते, त्यात पुढे लग्नाचा मांडव आहे आणि मागे अर्धे दार.

दुसऱ्या दिवशी सांचीला गेलो. भोपाळहून ते ४६ किलोमीटर आहे. यापूर्वी आम्ही स्तूपाला अभिवादन करून, प्रदक्षिणा घालून, तोरणासमोर फोटो काढून परतलो आहोत. पण आदल्या दिवशी घरे पाहून डोळ्यांना वेगळी सवय लागली होती. पूर्वेकडच्या तोरणाच्या खांबावर उरुवेला गावाचा देखावा कोरला आहे. भगवान बुद्धांच्या जीवनातला तो प्रसंग, पण कारागिराने त्याखाली अख्खे गाव काढून ठेवले आहे. गवताच्या झोपड्या आहेत. त्यांच्यापुढे बाया आपापल्या कामात. एक उखळात मुसळाने कांडते आहे, एक सूप घेऊन पाखडते आहे, एक पाट्यावर वाटते आहे. पाण्यावर घडा भरायला आलेली बाई आहे, गुरे-म्हशी आहेत. ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट! एवढ्या पवित्र ठिकाणी वाटण वाटणारी बाई कोरावी, असे त्या कारागिराला वाटले. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे जोड पाहा, ते लाकडी कुंपणाच्या जोडांसारखे आहेत. सुताराची पद्धत दगडात उतरली आहे. आणि दान देणाऱ्यांची नावे जागोजागी कोरलेली. त्यांत भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत, साधे गृहस्थ आहेत, विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी केलेल्या कोरीव कामाचीही नोंद आहे.

आत्यांना आम्ही तो देखावा दाखवला. उन्हात डोळ्यांवर हात धरून त्यांनी बराच वेळ पाहिला. “पाटा आडवा धरलाय बघ तिनं,” म्हणाल्या. “आम्ही उभा धरायचो.”

परतीच्या प्रवासात स्थापत्यवाल्या पोराने वहीत आत्यांच्या माहेरच्या घराचा नकाशा काढायला घेतला. आत्या सांगत होत्या, तो पट्टीने रेघा मारत होता. मापे हात आणि वितीत होती, ती त्याने फुटांत केली. शेळ्या कोणत्या कोपऱ्यात यावरून आत्या आणि मागे बसलेली त्यांची धाकटी बहीण यांच्यात जुंपली आणि खांडव्यापर्यंत ती मिटली नाही. आता आमच्या वस्तीतल्या आणखी नऊ घरांनी आपापल्या म्हाताऱ्यांना बसवून असे नकाशे काढले आहेत. त्यात एक वऱ्हाडातले घर आहे, एक चिपळूणकडचे, दोन परभणीकडची. चिपळूणकडच्या घराला ओटी आहे आणि नळे आहेत, त्यामुळे सगळ्या वाड्यांत गवतच होते असे नाही, हेही कळले. बुद्धपौर्णिमेला हे कागद विहारात भिंतीवर लावले होते. खाली प्रत्येकाने दोन ओळी लिहिल्या आहेत: छपराचे सामान कोठून आले आणि त्याच्या बदल्यात काय द्यावे लागले.

जाणाऱ्यांसाठी थोडे. मानव संग्रहालय सोमवारी बंद असते, राष्ट्रीय सुटीलाही बंद असते, तेव्हा महूचा कार्यक्रम आखतानाच दिवस पाहून घ्यावा. सकाळी लवकर शिरावे, कारण चढ-उताराची चाल बरीच आहे आणि एप्रिलात दुपारी ऊन सोसत नाही. म्हाताऱ्या माणसांबरोबर एकाने सतत राहावे, पाणी भरपूर न्यावे. जवळच मध्य प्रदेश सरकारचे जनजातीय संग्रहालय आहे, ते २०१३ साली सुरू झाले. वेळ उरला तर तेही पाहण्यासारखे आहे, पण दोन्ही एका दिवसात उरकण्याचा हट्ट धरू नये. सांचीसाठी दुसरा दिवस ठेवावा. सोबत एक वही आणि शिंप्याकडची मापाची पट्टी असू द्यावी.